रिसीव्हर बघायला नेलेला माणूस

आमच्या कोल्हापुरात कुणी मोठी वस्तू एकट्यानं विकत घेत नाही. म्हैस घ्यायची तर म्हशीतला माणूस सोबत न्यायचा, गाडी घ्यायची तर गाडीतला, आणि प्लॉट घ्यायचा तर प्लॉटातला. दुकानदारानं किंमत सांगितली की आपण त्याच्याकडे न बघता सोबतच्या माणसाच्या तोंडाकडे बघायचं. त्यानं मान हलवली तर खिशात हात घालायचा, आणि 'चला, जरा पुढं बघून येऊ की' म्हणाला तर उठायचं. त्या माणसाला पैसे मात्र द्यायचे नसतात. दिले तर त्याला राग येतो, निदान आपली तशी समजूत असते. मिसळ खाऊ घालायची, चहा पाजायचा, गाडीवरून घरापर्यंत सोडायचं, झालं.

विजेच्या वस्तूंतला माझा माणूस म्हणजे माझा मित्र. गारगोटीच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो आणि पुढे कोल्हापुरात एका खोलीत राहिलो. मी कारखान्यात लागलो. तो रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकला आणि लक्ष्मीपुरीतल्या एका बोळात दुकान घालून बसला. त्याच्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्याच्या दृष्टीनं पावणं. 'बसा पावणं', 'उद्या या पावणं', 'पावणं, ह्या मिक्सरचं आयुष्य सपलंय, आता सोडा त्याला.' मला तो मर्दा म्हणायचा, आणि फारच खूश असला तर शिवी द्यायचा. तीस वर्षांत टेपपासून फ्रिजपर्यंत माझ्या घरात वायर लावलेली एकही वस्तू अशी आली नाही, जी घेताना तो माझ्या शेजारी उभा नव्हता.

आवाजाची वस्तू असली की त्याची एक तऱ्हा होती. डोळे मिटायचा, मान डावीकडे कलती करायचा आणि गप्प उभा राहायचा. आवाज चांगला असला की त्याचा खालचा ओठ थोडा पुढे यायचा. तो ओठ पुढे आला की मी पैसे द्यायचो. मला स्वतःला आवाजातलं काही कळत होतं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

आता आबांचं सांगतो, कारण हा सगळा घोळ त्यांच्यापायी झाला. आबा म्हणजे माझे वडील. उद्यमनगरातल्या फौंड्रीत, ओतलेल्या मालाच्या कडा ठोकून-घासून साफ करायच्या खात्यात त्यांनी उभी हयात काढली. त्या खात्यानं त्यांचे दोन्ही कान नेले. आम्ही कानात घालायचं मशीन आणलं होतं. 'कानात भुंगा शिरल्यागत वाटतंय,' असं म्हणून त्यांनी ते डबीत घालून देवघराच्या फळीवर ठेवलं, ते अजून तिथंच आहे. आई गेल्यापासून त्यांचा सगळा वेळ टीव्हीसमोर जातो. कुस्तीला शब्द लागत नाहीत, ती ते नुसती बघतात. पण संध्याकाळची मालिका लागली की दर दोन मिनिटांनी विचारायचे, "काय म्हनली ती?" मी मोठ्यानं सांगायचो. सांगेपर्यंत पुढचं बोलणं निघून जायचं. मग कधीतरी मी वैतागून 'काही नाही हो आबा' म्हणालो असणार, कारण हळूहळू त्यांनी विचारायचं बंद केलं. आम्ही हसलो की आमच्याकडे बघून तेही हसायचे, थोडे उशिरा. ते उशिराचं हसणं मला बघवत नव्हतं.

हे मी मित्राला सांगितलं. घरात आधीचा एक रिसीव्हर होताच. रिसीव्हर म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन चार-पाच स्पीकरांना वाटून देणारा डबा. आमचा डबा लाल-पांढऱ्या पिनांच्या काळातला, आणि त्याला जोडलेले पाच स्पीकर मित्रानं स्वतः प्लायवूड कापून बनवलेले. नवा टीव्ही आला त्याला लाल-पांढरी भोकंच नव्हती. मित्रानं मध्ये एक डबी जोडून दिली, पण पडद्यावरच्या माणसांचे ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचे. आबांना ओठांवरून थोडंफार कळायचं, तेही गेलं.

"स्पीकर चांगलं हाईत, मी केल्यात ते," मित्र म्हणाला. "रिसीव्हर बदल. बोलणं सगळं मधल्या स्पीकरातनं येतंय. नव्या रिसीव्हरात तेवढा एकटा वाढवता येतोय. गाणं न् मारामारी खाली, बोलणं वर. आबा ऐकतील बघ."

बायकोनं पस्तीस हजारांवर रेघ ओढली. त्यातच वायरी आल्या, रिक्षा आली आणि तुमच्या मित्राची मिसळही आली, असं तिनं बजावलं.

पुढचा महिनाभर मी जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर रिसीव्हर वाचत होतो. मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअरला आहे. येणारा माल मोजून-तपासून घेणं हे माझं काम, त्यामुळे कुठल्याही वस्तूचे आकडे वाचायची मला सवय. वॉट किती, चॅनल किती, म्हणजे किती स्पीकर चालवतो, आणि वजन किती. सांगलीच्या एका गृहस्थाचा सात चॅनलचा जुना रिसीव्हर बावीस हजारांत विकायला होता. पाच वर्षं वापरलेला, अकरा किलो वजनाचा. फोटोत त्याची पाठ सुद्धा मला देखणी वाटली. मी मित्राला दाखवला.

"नको," तो म्हणाला.

"का? वॉट बघ की ह्याचे."

"नुसतं वजन बघून कुस्ती लावतोस व्हय रं? जुन्यातलं एचडीएमआयचं, टीव्हीची वायर बसती ते बोर्ड पहिलं जातंय. ते गेलं की अकरा किलो लोखंड. भंगारात घालायचं."

मला ते पटलं. म्हणजे त्यानं म्हटलं म्हणून पटलं.

रविवारी आम्ही राजारामपुरीत गेलो. पहिल्या दुकानात टाय लावलेला विक्रेता आम्हाला साउंडबारच, म्हणजे टीव्हीखाली ठेवायची स्पीकरची एकच लांब पट्टी, गळ्यात बांधायला बघत होता. 'सर, आजकाल रिसीव्हर कोण घेतं?' असं म्हणाला, तेव्हा मित्रानं त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि जिना उतरायला लागला. दुसरीकडच्या किमती ऐकून मीच उतरलो. तिसरं दुकान मित्राच्या ओळखीचं. मालक सीमेकडचा, फोनवर घरच्यांशी कानडीत बोलायचा आणि मित्राला अण्णा म्हणायचा. मला अर्थातच पावणं. त्याच्याकडे पाच चॅनलचा एक रिसीव्हर वर्षभर शोकेसमध्ये लावून ठेवलेला होता. खोकं नव्हतं, पण वॉरंटी पूर्ण. तेहतीस हजार सांगितले.

"लाव," मित्र म्हणाला.

मालकानं कुठल्याशा सिनेमातलं बोलणं लावलं. मित्रानं डोळे मिटले. मान डावीकडे गेली. मी त्याच्या ओठाकडे बघत उभा. ओठ पुढे आला. मग त्यानं डोळे उघडून मालकाशी अर्धा तास घासाघीस केली आणि दीड हजार कमी करून घेतले. मी पैसे दिले तेव्हा मला इतकं बरं वाटत होतं की मिसळीवर मी त्याला लस्सीपण पाजली.

संध्याकाळी तो माझ्या घरी जोडणी करायला आला. नव्या रिसीव्हरबरोबर एक छोटा माईक येतो. तो आपण बसतो तिथं ठेवायचा, मग रिसीव्हर स्वतःच आवाज काढून स्पीकर जुळवून घेतो. मित्रानं तो माईक हातात घेतला, उलटासुलटा बघितला आणि बाजूला ठेवला. "ह्याला काय कळतंय आबांचं," म्हणाला. मग बायकोला हाक मारली, "वहिनी, वातीचा कापूस द्या की जरा." तिनं देवघरातला कापूस आणून दिला. त्यानं त्याचे दोन बोळे केले, दोन्ही कानांत घट्ट कोंबले आणि आबांना उठवून त्यांच्या खुर्चीत स्वतः बसला. कानांत बोळे घालून तो रिमोटनं मधला स्पीकर वर घेत होता, बाकीचे खाली घेत होता, आणि मी काही बोललो की 'आं?' करत होता. आम्ही हसून हसून बेजार. तासाभरानं त्यानं बोळे काढले आणि आबांना खुर्ची दिली.

मालिका लागली. त्यातल्या सासूनं कायतरी टोमणा मारला आणि आबा हसले. आमच्या आधी हसले. बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली. मला मित्राला मिठी मारावीशी वाटली. आमच्यात तशी पद्धत नाही, म्हणून मी त्याला आणखी एक चहा दिला.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या कँटीनमध्ये मी हे सगळ्यांना सांगितलं. स्टोअरला असल्यामुळे माल पुरवणाऱ्यांची पाकिटं, दिवाळीचे डबे, 'साहेब जरा लक्ष असू द्या' हे सगळं मी जन्मभर बघत आलो. मी एकदा काजूकतलीचा डबा परत पाठवला होता, आणि त्या डब्याची गोष्ट मी कंपनीत येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ऐकवतो. कमिशन म्हटलं की माझं डोकं फिरतं. म्हणून त्या दिवशी मी कँटीनमध्ये छाती पुढे काढून म्हणालो, "जगात एक माणूस असा आहे जो माझ्यासाठी दिवस घालवतो आणि कुणाचा रुपया घेत नाही."

तीन आठवड्यांनी लक्षात आलं की वॉरंटीच्या कार्डावर दुकानाचा शिक्का राहिलाय. शनिवारी कागलहून येताना मी एकटाच त्या दुकानात गेलो. मालक गावाकडे गेला होता. गल्ल्यावर एक पोक्त नोकर बसला होता, त्यानं मला आधी पाहिलेलं नव्हतं. मी मित्राचं नाव सांगितलं, त्याच्या ओळखीतला आहे म्हणालो.

"अण्णांच्यातलं व्हय? बरं झालं आलासा," असं म्हणत त्यानं ड्रॉवर उघडला. "ह्ये पाकीट कवाधरनं पडलंय हितं. अण्णा आलंच न्हाईत न्यायला. तुमी भेटाल न्हवं त्यास्नी?"

लग्नपत्रिकेचं जुनं पाकीट होतं, कोपऱ्याला हळदीकुंकू लावलेलं. वर बॉलपेननं लिहिलेलं : अण्णा, रिसीव्हर. तोंड उघडंच होतं. आत पाचशेच्या चार नोटा.

"हे कशाचे?" मी विचारलं. मला कळलं होतं, तरी विचारलं.

"गिऱ्हाईक आनल्यालं की पावणं," तो म्हणाला, आणि माझ्या कार्डावर शिक्का मारला.

जिना उतरून मी गाडीवर बसलो, पण किक मारायचं सुचेना. दोन हजारांचं मला काही नव्हतं, आजही नाही. माझ्या डोळ्यांसमोर तो ओठ येत होता. मिटलेले डोळे, कलती मान आणि पुढे आलेला ओठ. त्या दिवशी तो ओठ आवाजासाठी पुढे आला की ह्या पाकिटासाठी? आणि त्या दिवशी पाकिटासाठी आला असेल, तर त्याआधी किती वेळा आला? त्याच्यासोबत घेतलेली एकेक वस्तू माझ्या मनात फिरायला लागली. बहिणीच्या लग्नात दिलेला टीव्ही. आई आजारी असताना घेतलेला फ्रिज. तीस वर्षं मी ज्या माणसाच्या तोंडाकडे बघून जगलो, त्यानं मला गिऱ्हाईक म्हणून विकलं होतं. मला तिथंच गाडीवर रडू आलं आणि त्याचा आणखी राग आला.

तसाच लक्ष्मीपुरीत गेलो. तो एक मिक्सर उघडून बसला होता आणि बाकड्यावर एक म्हातारा वाट बघत होता. मी पाकीट उघड्या मिक्सरवर ठेवलं. त्यानं वरची अक्षरं वाचली. मग म्हाताऱ्याला म्हणाला, "पावणं, तुमचं उद्या." म्हातारा गेला.

"घेतोस तू?" मी विचारलं.

"व्हय."

"कधीपासून?"

त्यानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. लाजला नाही, चिडलाही नाही. "पयल्या टेपापासनं," म्हणाला.

तो टेप मी पहिल्या पगारातून घेतला होता. आम्ही दोघं एका खोलीत होतो. भात करायचा तो, भाजी करायचो मी, आणि मध्ये तो टेप ठेवून आम्ही जेवायचो. त्या टेपातही ह्यानं हात मारला होता, आणि वर रोज माझ्याबरोबर त्यावर गाणी ऐकली होती.

मी बरंच बोललो. काजूकतलीचा डबासुद्धा मध्ये आणला. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "सपलं? आता माझं ऐक. रविवारी माझं दुकान चालतंय मर्दा. नोकरीवाली माणसं रविवारीच येत्यात. तुझा रविवार म्हंजे माझं शटर बंद. तीस वर्सं तू हाक मारलीस, मी शटर वढलं. तू मिसळ घातलीस. मी खाल्ली. घरात चार तोंडं हाईत, त्यास्नी काय घालू?"

"मग मागायचं होतंस माझ्याकडे. दिले असते मी."

"न् मी घेतलं असतं व्हय तुझ्याकडनं?" आता त्याचा आवाज चढला. "दुकानदार माझा कोन लागतोय? त्याचं घ्यायला मला काय न्हाय वाटत. तुझं घेतलं असतं तर तुझ्या घरात जेवाय कुठल्या तोंडानं आलो असतो?"

"दुकानदार ते माझ्याच किमतीत घालतो."

"आणि दीड हजार कमी कुणी केलं, तुझ्या बानं? माल कंदी वाईट दिला व्हय तुला? एक सांग. एक वस्तू सांग."

फ्रिज अजून चालतो. टेपसुद्धा माळ्यावर चांगला आहे. म्हणूनच मी जे बोलायला नको होतं ते बोललो. म्हणालो, "सांगलीचा रिसीव्हर तू नको म्हणालास, तो बोर्डामुळे, की तिथं तुला काही मिळणार नव्हतं म्हणून?"

त्यानं मिक्सरवरचं पाकीट उचललं, खिशात घातलं आणि स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. "हे इचारलंस न्हवं," म्हणाला, "आता जा."

मी घरी येऊन बायकोला सांगितलं. वाटलं होतं, ती तरी माझ्याबरोबर चिडेल. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला म्हाईत होतं. फ्रिजच्या टायमालाच कळलंतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय? तुमी त्यांना न्यायचं बंद केलं असतंसा, आणि दुकानदारानं तुमाला नागवं करून पाठवलं असतं. सगळ्यांची माणसं घेत्यात की. तुमालाच तेवढं ठावं न्हवतं."

म्हणजे घरातही मीच एकटा होतो. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिला त्याचं विशेष काही वाटलेलं दिसलं नाही, हेही मला लागलं.

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. त्याचं रविवारचं म्हणणं मला त्याच दिवशी, त्याच्या दुकानात उभं असतानाच पटलं होतं. पटलं म्हणून राग कमी झाला नाही. उलट, रिसीव्हर भिकार निघाला असता तर किती बरं झालं असतं असं वाटायचं. मग मी मोकळेपणानं शिव्या दिल्या असत्या. पण रोज संध्याकाळी आबा आमच्या आधी हसायचे, आणि मला तो कानांत कापूस कोंबून 'आं?' करणारा दिसायचा. मी सांगलीच्या त्या गृहस्थाला फोनही केला. रिसीव्हर केव्हाच विकला गेला होता. ज्यानं घेतला त्याचा नंबर मागायला मला लाज वाटली. त्याचं बोर्ड गेलं की नाही हे आता कधी कळणार नाही.

आमचं भेटणं थांबलं. त्याचा फोन आला नाही, मी केला नाही. दोन-तीनदा आबांनी विचारलं, "तो येत न्हाय व्हय अलीकडं?" मी म्हणायचो, "काम वाढलंय त्याचं." आबांना ते ऐकू जायचं की नाही कोण जाणे, पण ते पुढं काही विचारायचे नाहीत.

दिवाळीच्या साफसफाईत बायकोनं हॉलची मांडणी बदलली. टीव्ही ह्या भिंतीवरून त्या भिंतीला गेला, आबांची खुर्ची खिडकीशी आली. वायरी मीच काढल्या आणि मीच लावल्या. लावल्यावर आवाज आला, पण बोलणं पुन्हा गाण्याखाली बुडालं. मी पुस्तिका काढली. माईक खुर्चीवर ठेवला, बटण दाबलं, रिसीव्हरनं सगळ्या स्पीकरांतून फुसफुस आवाज काढले आणि पडद्यावर 'पूर्ण झाले' असं आलं. आबांना तरीही कळेना. मी मधला स्पीकर वर घेतला तर शब्द फाटायला लागले, खाली घेतला तर गेले. तिसऱ्या दिवशी मालिकेत काहीतरी विनोद झाला, बायको हसली, आणि तिच्याकडे बघून आबा हसले. उशिरा.

"त्याला बोलीव," आबा म्हणाले. "तुझ्यानं हुईत न्हाय ते."

मी त्याला फोन केला. काय म्हणायचं ते मी दोनदा मनात घोळवून ठेवलं होतं. "रिसीव्हर परत लावायचाय. आबांना ऐकू येईना." एवढंच. तो म्हणाला, "रविवारी येतो."

फोन ठेवल्यावर मी कपाटातून पाचशेची एक नोट काढून शर्टाच्या खिशात ठेवली. खरं सांगतो, त्यात निम्मा डंख होता. ह्या वेळी तुला दुकानदाराकडून घ्यायची गरज नाही, असं मला त्याला दाखवायचं होतं. पण निम्म्यात दुसरंच काही होतं. मी नोट पुढे केली की तो माझा हात झिडकारेल, घाणेरडी शिवी देईल, 'तुझं घेतो व्हय रं मी' म्हणेल, आणि मग आम्ही दोघं मिसळ खायला जाऊ, असं मी चार दिवस मनात रंगवत होतो. त्यानं माझ्याकडून पैसे घेतले नसते. हे त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, आणि सगळ्या भांडणातलं तेवढं एकच वाक्य मी जपून ठेवलं होतं.

रविवारी दहाला तो आला. चप्पल काढून आत आला, आबांच्या पाया पडला. बायकोनं चहा विचारला. "नको वहिनी, आत्ताच झाला," म्हणाला. तीस वर्षांत त्यानं माझ्या घरी चहाला नको म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मी कापूस आणायला देवघराकडे वळलो, तेवढ्यात त्यानं आपल्या पिशवीतून कापसाची पुडी काढली. बोळे करून कानांत घातले, आबांना हाताला धरून उठवलं आणि त्यांच्या खुर्चीत बसला. मग उठून रिसीव्हरच्या मागं दोन वायरींची अदलाबदल केली आणि परत येऊन बसला. मी उलट्या लावल्या होत्या. मग डोळे मिटले, मान डावीकडे कलती केली. मी बाजूला उभा होतो. त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघत होतो. बऱ्याच वेळानं त्याचा ओठ पुढे आला. ह्या वेळी त्याला कुणाकडून काही मिळणार नव्हतं, आणि तरी ओठ अगदी तसाच पुढे आला, त्या दुकानातल्यासारखा, जुन्या टेपाच्या वेळच्यासारखा. मला उत्तर मिळालं होतं. त्याच क्षणी मी काही बोलायला पाहिजे होतं.

त्यानं आबांना खुर्ची दिली. टीव्हीवर कसलासा जुना विनोदी सिनेमा लागला होता. आबांनी दोन वाक्यं ऐकली आणि खो खो हसले. मित्रानं बोळे काढून पिशवीत टाकले आणि दाराशी जाऊन चपला घातल्या.

मी नोट पुढे केली. हात माझ्या आधीच पुढे गेला.

त्यानं नोटेकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी शिवीची वाट बघत होतो. त्यानं ती नोट घेतली, नीट दोन घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"येतो पावणं," तो म्हणाला, आणि जिना उतरून गेला.

"काय म्हनला रं तो?" आबांनी टीव्हीवरून नजर न काढता विचारलं.

"येतो म्हणाला," मी ओरडून सांगितलं.